सदतीस दिवसांचा हुतूतू

मंडळी, आजी इतिहासावर लिहायला बसली की घरातली नातवंडं आधीच ठरवून टाकतात, आता शिवाजी महाराज नाहीतर पेशवे! पण इतिहास म्हणजे शे-दोनशे वर्षांपूर्वीचंच काही असलं पाहिजे, असं थोडंच आहे? आपल्या डोळ्यांसमोर घडलेलंही इतिहासात जमा होतंच की. म्हणून आज अगदी अलीकडच्या एका इतिहासाविषयी लिहिते आहे. 2014 सालच्या पावसाळ्यात सदतीस दिवस चाललेल्या कबड्डीच्या पहिल्या व्यावसायिक मोसमाविषयी.

शनिवार, 26 जुलै 2014. मुंबईत वरळीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. यू मुम्बा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. मुंबईने तो 45-31 असा जिंकला. दिव्यांचा लखलखाट, कानठळ्या बसवणारं संगीत, सिनेमातली माणसं पहिल्या रांगेत, आणि मधोमध कोण? तर आपला हुतूतू! आमच्या जळगावच्या गल्लीत एक गृहस्थ घराबाहेर येऊन ओरडले होते, "आपला हुतूतू टीव्हीवर उना रे भो!" त्या एका वाक्यात आनंद होता, तसं आश्चर्यही होतं. घरची भाकरी पंचतारांकित हॉटेलात चांदीच्या ताटात वाढलेली दिसावी, तसं काहीसं.

संघ आठ होते. मुंबई, पुणे, जयपूर, पाटणा, दिल्ली, बंगळुरू, कोलकाता आणि विशाखापट्टणमचा तेलुगू टायटन्स. चारू शर्मा आणि आनंद महिंद्र यांच्या कंपनीने ही लीग उभी केली. त्याआधी मे महिन्यात खेळाडूंचा लिलाव झाला. लिलाव हा शब्द मला तेव्हा फार खटकला. आमच्याकडे लिलाव कापसाचा, केळीचा नाहीतर बैलाचा! पण आकडा वाचला आणि विचारात पडले. राकेश कुमारला पाटण्याने 12 लाख 80 हजार रुपयांना घेतलं, आणि तो त्या लिलावातला सर्वांत महाग खेळाडू ठरला. क्रिकेटच्या मानाने ही रक्कम म्हणजे चणे-फुटाणे. पण तोवर कबड्डीपटूला मिळत काय होतं? फार तर रेल्वेत, पोलिसात, बँकेत नोकरी, आणि स्पर्धा जिंकली तर ढाल. खेळ हा नोकरीचा रस्ता होता, खेळ ही नोकरी नव्हती. हा फरक त्या मोसमाने केला.

पण या सदतीस दिवसांच्या मागे नव्वद-पंच्याण्णव वर्षांची मेहनत उभी होती, आणि तिच्यातला फार मोठा वाटा मराठी माणसांचा होता. पूर्वी गावोगावी हा खेळ वेगवेगळा खेळला जाई. कुठे संजीवनी, कुठे गामिनी, कुठे अमर. एका प्रकारात बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, दुसऱ्यात एकदा गेला तो गेलाच. दोन गावं समोरासमोर आली की खेळ कमी आणि भांडण जास्त. 1918 साली साताऱ्याकडच्या मंडळींनी नियमांना काही आकार दिला. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियम छापले आणि स्पर्धा भरवल्या. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली, त्यात हुतूतू होता. पुढे शंकरराव तथा बुवा साळवी यांनी उभं आयुष्य या खेळाला वाहिलं. त्यांचा जन्मदिवस, 15 जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी आली आणि भारताने पहिलं सुवर्ण घेतलं. लालबाग-परळच्या गिरणगावातली मंडळं तर पिढ्यान्‌पिढ्या मातीत खेळत होती. यातल्या कुणाचाही कधी लिलाव झाला नाही.

गिरणगावावरून आठवलं. इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर-लँकेशायरकडे, खाणी आणि कापडगिरण्यांत राबणारी माणसं शनिवारी रग्बी खेळत. आपल्या अमळनेरच्या किंवा धुळ्याच्या गिरणीतल्या कामगारांसारखीच ती माणसं, काम बुडलं की मजुरी बुडाली. त्यांच्या क्लबांचं म्हणणं एवढंच, की खेळामुळे बुडालेली मजुरी भरून द्या. वरच्या वर्गातल्या कारभाऱ्यांना ते पटेना. खेळ कसा निर्मळ हवा, पैसा कशाला? ज्याचं पोट भरलेलं असतं त्याला असं म्हणायला काय जातं! अखेर 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात वीसेक क्लब जमले आणि वेगळे झाले. त्यातूनच व्यावसायिक रग्बी लीग जन्माला आली. मग प्रेक्षक टिकवायचे म्हणून त्यांनी नियमही बदलले. 1906 मध्ये पंधराचे तेरा गडी केले. पुढे 1966 साली ठरवलं की चार वेळा पकडले गेलात की चेंडू समोरच्याला द्यायचा, आणि 1972 मध्ये चाराचे सहा केले. खेळ रेंगाळला तर पैसे देऊन येणारा माणूस उठून जातो, हे त्यांना फार आधी कळलं होतं.

प्रो कबड्डीनेही नेमकं हेच केलं. ज्यांनी जुना खेळ पाहिला आहे त्यांना आठवत असेल, आघाडी मिळाली की हुशार संघ वेळ काढायचा. चढाईपटू मध्यरेषेपाशी घुटमळायचा, निदान रेषा ओलांडून परत यायचा, कुणाला शिवायचा नाही. कंटाळा यायचा अगदी. लीगमध्ये चढाईला 30 सेकंद, आणि लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर तो गडी बाद. उलट बाजूने, तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेल्या संघाने पकड केली तर त्यांना एक जादा गुण. म्हणजे हरत आलेल्यालाही आशा. कुणा इतिहासकाराला हे किरकोळ वाटेल, पण खेळाचा जीव अशा दोन-तीन वाक्यांत असतो.

एक गोष्ट मात्र मागे पडली, ती म्हणजे दम. जुन्या खेळात श्वास हेच घड्याळ होतं. पंच कान देऊन ऐकायचे, आणि आवाज तुटला की गडी बाद. कबड्डी-कबड्डी म्हणणं आजही नियमात आहे, पण त्या गोंगाटात ते ऐकू कुणाला येतं? सगळ्यांचे डोळे पडद्यावरच्या आकड्यांकडे. छातीतलं घड्याळ भिंतीवर गेलं. मला हळहळ वाटली, खोटं कशाला बोलू? पण या सुटसुटीत हिशेबामुळेच ज्याने कधी कबड्डी पाहिली नव्हती, त्यालाही ती दोन सामन्यांत समजू लागली, हेही खरं.

तो मोसम ऐन आपल्या सणांत होता. कानबाईचे रोट झाले, पोळा झाला, गणपती बसले आणि रात्री घरोघरी सामने चालूच. प्रत्येक संघाचे साखळीत 14 सामने आणि सगळे मिळून 60. पुणेरी पलटण सपशेल तळाला, आठात आठवी! आमच्या घरात तिचेच पाठीराखे जास्त, त्यामुळे रोज सुतक. खानदेशाचा संघ नाहीच, मग जवळचं म्हणून पुणं. सांगली जिल्ह्यातला काशिलिंग आडके मात्र दिल्लीकडून खेळत होता, तेव्हा दिल्लीसाठीही टाळ्या पडायच्या. यू मुम्बाचा कर्णधार अनुप कुमार हरियाणाचा. गालात हसत पाय पुढे टाकायचा आणि बोनस घेऊन परत. साखळीत जयपूर पहिलं आलं आणि मुंबई दुसरी. 31 ऑगस्टला गणपतीच्या तिसऱ्या दिवशी अंतिम सामना होता. जागा तीच वरळीची, संघही पहिल्याच दिवशीचे दोन. आणि जयपूरने मुंबईला तिच्या घरात 35-24 असं हरवलं. पहिल्या दिवशी जिंकलेला शेवटच्या दिवशी हरला. साखळीचे सामने शर्यतीसारखे असतात आणि अंतिम सामना परीक्षेसारखा. पहिल्या चाचणीत बाजी मारणारा मुलगाही वार्षिक परीक्षेत घसरतो, हे शिक्षकांना काय सांगायचं!

त्या सदतीस दिवसांत 43 कोटी 50 लाख लोकांनी कबड्डी पाहिली असा आकडा तेव्हा जाहीर झाला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. 2017 मध्ये आठाचे बारा संघ झाले. 2018 च्या लिलावात पहिल्यांदा कोटीचा आकडा आला. 2019 मध्ये चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला 1 कोटी 45 लाख मिळाले. आणि तळाला गेलेली आपली पलटण 1 मार्च 2024 रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून विजेती झाली. कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. लीगमध्ये परदेशी खेळाडूही येऊ लागले, शिकले आणि आपल्यालाच भारी पडले. 2018 च्या आशियाई स्पर्धेत इराणने भारताला उपान्त्य फेरीत हरवलं. 2023 मध्ये हांगझोऊला अंतिम सामना 28-28 वर असताना तासभर थांबला, कारण वाद पडला की नियम जुना धरायचा की नवा. साताऱ्याच्या मंडळींनी 1918 मध्ये जो तंटा मिटवायला घेतला होता, तोच शंभर वर्षांनी चीनमध्ये! भारताने तो सामना 33-29 असा जिंकला, हे समाधान.

आता माझ्या मनातलं. मी मराठी-इतिहासाची शिक्षिका. खेळाशी माझा संबंध एवढाच, की मुलींचा संघ तालुक्याला, जिल्ह्याला न्यायचा तर सोबत बाई हव्यात. म्हणून नोकरीची पहिली वर्षं धुळे जिल्ह्यात आणि नंतर जळगावकडे, कितीतरी पावसाळे मी मुलींना घेऊन एस.टी.ने हिंडले. काळ्या जमिनीवर मुरूम टाकून केलेलं मैदान, फक्कीने आखलेल्या रेषा, अर्ध्या सामन्यात पाऊस आला की रेषाच वाहून जायच्या. पण मुली काय खेळायच्या! एक मुलगी होती, चढाईला गेली की समोरच्या सातही जणी मागे सरकायच्या. जिल्ह्याबाहेर निवड झाली तेव्हा वडील म्हणाले, "बाई, खेळून तिला काय मिळणार आहे?" मी त्यांच्या ओट्यावर बसून बराच वेळ बोलले. तालुक्याची ढाल दाखवली. पण त्यांच्या प्रश्नाला आकड्यात द्यावं असं उत्तर तेव्हा जगातच नव्हतं. दहावी झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

2014 नंतर मुलांच्या वडिलांना ते उत्तर मिळालं. मुलींच्या वडिलांना? 2016 मध्ये लीगने महिलांचा एक छोटा मोसम घेतला होता. तीनच संघ. त्यातल्या आइस दिवाजची कर्णधार होती आपल्या मुंबईची अभिलाषा म्हात्रे. 31 जुलै 2016 रोजी अंतिम सामना झाला आणि स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्सला 24-23 असं हरवलं. एका गुणाने! याहून रंगतदार सामना कोणता हवा? पण प्रो कबड्डीत मुलींचा तसा दुसरा मोसम काही झाला नाही. आणि या मुली कमी का आहेत? 2012 चा पहिला महिला विश्वचषक भारताचा, हांगझोऊचं सुवर्ण भारताचं, 2025 मध्ये ढाक्याला झालेला विश्वचषकही भारताचाच.

हडर्सफील्डच्या क्लबांनी जे मागितलं होतं ते खेळाडूच्या घामाचं मोल होतं. 2014 च्या त्या मोसमाने आपल्याकडे ते मोल अर्ध्या अंगणात दिलं. उरलेलं अर्धं अंगण अजून वाट पाहतं आहे. मुली आजही पावसाळ्यात फक्कीच्या रेषांवर खेळताहेत आणि त्यांच्याबरोबर एखादी मराठीची नाहीतर इतिहासाची बाई एस.टी.ने जातेच आहे. त्या बाईला कुणा ओट्यावर बसून सांगता यावं असा एक आकडा हवा. मुलांपेक्षा लहान असला तरी चालेल. पहिल्या वर्षी तो मुलांनाही 12 लाख 80 हजारच होता.

असो. कबड्डीचा मोसम पुन्हा येईल तेव्हा आमच्या घरी पलटणच असेल, हे सांगायला नकोच!