घाव किती खोल? वऱ्हाडातल्या डिंकाची गोष्ट

थंडी पडू लागली की अकोल्या-अमरावतीच्या किराणा दुकानांत डिंकाची बरणी मागच्या फळीवरून पुढे येते. "लाडवाचा पाहिजे की साधा?" असे दुकानदार विचारतो. लाडवाचा म्हणजे बहुधा धावड्याचा. साधा म्हणजे बाभळीचा, नाहीतर दहा झाडांचा मिसळलेला. बाळंतिणीसाठी लाडू वळणाऱ्या घरांत एवढी माहिती पुरते. पण तो खडा झाडावर का आला, तो कोणी काढला, आणि काढल्यावर त्या झाडाचे काय झाले, हे प्रश्न आम्ही विचारू लागलो तेव्हा स्वयंपाकघरातून निघून थेट वनकायद्यापर्यंत जावे लागले.

आधी एक सोपा प्रयोग. बाजारात मिळतील तेवढ्या जातींचे डिंक आणा आणि प्रत्येकाचा एकेक खडा वेगळ्या पेल्यात पाण्यात टाकून रात्रभर ठेवा. बाभळीचा खडा जवळजवळ पूर्ण विरघळतो, पाणी चिकट होते. पूर्वी शाळेतल्या डिंकाच्या बाटलीत हेच असे. धावड्याचा काही भाग विरघळतो, काही फुगून बुळबुळीत राहतो. कांडोळाचा (काही भागांत या झाडाला करई किंवा कुल्लू म्हणतात) विरघळत नाही, नुसता फुगत जातो आणि सकाळी पेला भरून लापशी दिसते. तिला किंचित व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्याच्या रेणूंतून ॲसेटिक आम्ल सुटते. सालईच्या खड्याने पाणी दुधाळ होते, पण तळाशी चिकट गोळा उरतो. तो निखाऱ्यावर टाकला तर धुपाचा वास दरवळतो.

याचे कारण असे, की सालईचा 'डिंक' हा नुसता डिंक नाही. डिंक म्हणजे साखरेच्या अनेक रेणूंची लांब, फांद्या फुटलेली साखळी. ती पाण्याला धरते. राळ हा वेगळाच पदार्थ आहे, तो पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो. सालईत डिंक, राळ आणि सुगंधी तेल ही तिन्ही एकत्र असतात. जाता जाता लाडवांबद्दल एक गोष्ट सांगून टाकू. डिंक तुपात फुलतो तो खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे. अगदी कोरडा खडा नीट फुलत नाही.

आता झाडाकडे वळू. सालीला चीर पडली, कीड लागली, फांदी मोडली, की जखमेभोवतीच्या पेशींत इथिलीन नावाचे संप्रेरक वाढते. काही जातींत त्यामुळे पेशींच्या भिंती विरघळून डिंकाच्या नळ्या तयार होतात, काहींत त्या आधीच असतात. डिंक बाहेर येतो, वाळतो आणि जखम बंद करतो. उन्हाळ्यात, पाण्याचा ताण असताना, कोरड्या भागातल्या झाडांमध्ये हे जास्त घडते. मेळघाटच्या खडकाळ उतारांवरचे धावडा आणि सालई मार्च ते मे या महिन्यांत म्हणूनच भरपूर देतात. पाऊस आला की डिंक काळवंडतो, धुऊन जातो आणि हंगाम संपतो.

सालीच्या आत, लाकडाला लागून, पेशींचा एक पातळ थर असतो. नवी साल आणि नवे लाकूड दोन्ही तोच बनवतो. घाव या थराच्या बाहेर राहिला तर जखम काही वर्षांत भरते. थर कापून घाव लाकडात गेला तर तिथे बुरशी आणि वाळवी शिरते, आणि पुढे एखाद्या वादळात झाड त्याच जागी मोडते. थर चहूबाजूंनी कापला गेला तर झाड उभ्या उभ्या वाळते. डिंक मात्र खोल घावातूनही येतो, आणि पहिल्या वर्षी तर जास्तच येतो. या धंद्यातली सारी गुंतागुंत या एका गोष्टीत आहे.

निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हे आपण इतिहासात शिकवतो. पण त्याच कापसाचे कापड विलायतेत छापताना रंग फासू नये म्हणून त्यात डिंक घालावा लागे, हे सहसा सांगितले जात नाही. हा डिंक मुख्यतः आफ्रिकेतून, सुदान आणि सेनेगल या भागांतून येई. १८८१ मध्ये सुदानात महदीचा उठाव झाला, १८८५ मध्ये खार्टूम पडले आणि सुदानचा डिंक आटला. तेव्हा इंग्लंडमधले व्यापारी आणि रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानातल्या डिंकांकडे वळले. धावड्याचा डिंक त्यांच्या पुस्तकांत 'घाटी' या नावाने नोंदला गेला, आणि जगाच्या बाजारात आजही त्याचे तेच नाव आहे. घाट उतरून बंदरावर येतो म्हणून घाटी! मुंबईकरांनी हे नाव देशावरच्या माणसांनाही दिले. डिंकाला निदान त्याचा राग आला नाही.

जंगलाची मालकीही याच काळात बदलत होती. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी राखीव जंगल ही कल्पना पक्की केली. मेळघाटच्या सागाचे मोल सरकारला ठाऊक होते, डिंक त्याच्या मागून आला. पुढे १९२७ च्या कायद्यात वनोपजाची व्याख्या झाली ती वाचण्यासारखी आहे. लाख, राळ, कात, मोहफुले अशा काही वस्तू कुठेही सापडल्या तरी वनोपज ठरतात. डिंकाचे नाव त्या यादीत नाही. तो झाडाचे 'इतर उत्पन्न' म्हणून मोडतो, म्हणजे जंगलात सापडला तरच वनोपज. याचा अर्थ अकोल्याच्या काळ्या मातीत धुऱ्यावर उभ्या असलेल्या बाभळीचा डिंक शेतकऱ्याचा. मात्र चाळीस-पन्नास मैलांवर, नरनाळ्याच्या डोंगरातल्या धावड्याचा डिंक सरकारचा, आणि परवान्याशिवाय तो काढणारा कोरकू गुन्हेगार.

हा फरक कागदापुरता राहिला नाही. धुऱ्यावरच्या बाभळीवर कोणी कुऱ्हाड चालवत नसे. तिच्या शेंगा शेळ्यांना, काट्या कुंपणाला, साल कातडे कमवायला, लाकूड वखराला आणि बंडीच्या चाकाला. आपोआप फुटलेला डिंक पोरे वेचून आणत. जंगलात वेगळे घडत होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गौण वनोपजाचे ठेके लिलावाने देण्याची पद्धत होती. ठेकेदार ठरावीक मुदतीचे पैसे भरणार, गोळा करणाऱ्याला वजनावर मजुरी देणार. पुढच्या हंगामात हे झाड कोणाच्या ठेक्यात जाईल हे दोघांनाही ठाऊक नाही. मग जखम भरायला वेळ कोण देणार? यात आम्ही मजुराला दोष देत नाही. ज्याला झाडावर काडीचाही हक्क नाही आणि पोटासाठी आज शेर-दोन शेर डिंक हवा आहे, त्याचा घाव खोल जाणारच. धावड्याचे लाकूड चिवट, म्हणून ते कुऱ्हाडीच्या दांड्याला वापरतात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण इथे शब्दशः खरी आहे.

सर्वांत जास्त हाल कांडोळाचे झाले. हे पांढऱ्या, गुळगुळीत सालीचे, चांदण्यात भुतासारखे दिसणारे झाड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराण-तुर्कस्तानकडचा महाग ट्रॅगाकंथ डिंक परवडेना, तेव्हा त्याच्या जागी कांडोळाचा डिंक अमेरिकेत आणि युरोपात खपू लागला. रेचक औषधे, कवळी बसवायची पूड, केस बसवायचे लोशन, आइस्क्रीम, सगळीकडे तो गेला. मध्य भारतातल्या जंगलांत साल सोलून मोठमोठे घाव घातले गेले आणि झाडे मेली. शेवटी शेजारच्या मध्य प्रदेशाला १९८० च्या दशकात कांडोळातून डिंक काढण्यावर बंदी घालावी लागली. भारताची निर्यात उतरली आणि सेनेगलने तिथल्या भाऊबंद जातीचा डिंक बाजारात आणला. बंदीने झाड वाचले असेल, पण वेचणाऱ्याचे उत्पन्न गेले, आणि चोरून घातलेला घाव तर आणखी घाईचा असतो.

सालईचे नशीब वेगळे. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतल्या पूरणसिंग यांनी पीअर्सन या अधिकाऱ्याबरोबर सालईच्या डिंकावर केलेले काम १९१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून टर्पेंटाइन, राळ आणि डिंक वेगळे काढता येतील का, हा प्रश्न होता. (हेच पूरणसिंग पंजाबीतले मोठे कवी. वर्गात सांगा, मुलांना गंमत वाटेल.) धंदा मात्र फारसा उभा राहिला नाही. पुढे मेळघाटच्या पश्चिमेला, भुसावळ-खांडवा लोहमार्गावर नेपानगरचा वृत्तपत्राच्या कागदाचा कारखाना आला. तो १९५५ मध्ये सुरू झाला आणि त्याला सालईचे लाकूड हवे होते. डिंक देणारे झाड लगद्यासाठी तोडले जाऊ लागले. नंतर त्याच राळेतली बॉसवेलिक आम्ले सांधेदुखीवर उपयोगी पडतात असे जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनातून पुढे आले, आणि सालईचा भाव पुन्हा वाढला.

विज्ञानाने कमी घावाचा मार्गही शोधला आहे. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने बाभळीच्या कुळातल्या कुमटासाठी पद्धत बसवली. खोडाला बारीक भोक पाडायचे, त्यात इथेफॉनची मोजकी मात्रा सोडायची आणि भोक लिंपून टाकायचे. इथेफॉनमधून इथिलीन सुटते आणि झाडाला जखम झाल्याचा भास होतो. उत्पन्न कितीतरी पटींनी वाढते. पण मात्रा वाढवली तर झाड यानेही मरते. कुऱ्हाड काय किंवा सुई काय, हात कोणाचा आणि त्याला उद्याची काळजी आहे का, हा प्रश्न तसाच राहतो.

सुदानच्या कोर्दोफान भागात शेतकरी आपल्या शेतात बाजरी-ज्वारीच्या फेऱ्यानंतर हशाब नावाची बाभूळ वाढू देतात, आणि काही वर्षे तिच्यापासून डिंक घेतात. सालीची फक्त अरुंद पट्टी उचलणारे 'सुंकी' नावाचे हत्यार त्यांच्याकडे असते. झाड त्यांचे, म्हणून पुढच्या वर्षाचाही विचार त्यांचा. हा डिंक जगाला इतका लागतो की अमेरिकेने १९९७ मध्ये सुदानवर व्यापारबंदी घातली तेव्हाही त्याला सूट मिळाली.

आपल्याकडे ठेकेदार हटवण्याचे प्रयत्न झाले. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, १९७७ पासून एकाधिकार खरेदी आली. ठेकेदाराच्या जागी महामंडळ आले, पण झाडाची मालकी जिथे होती तिथेच राहिली. मालकीला हात घातला तो १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने. गौण वनोपज ग्रामसभेचे, आणि जंगल राखण्याची जबाबदारीही तिची. पण मेळघाटचा मोठा भाग १९७४ पासून व्याघ्र प्रकल्पात आहे. अभयारण्यांतून आणि राष्ट्रीय उद्यानांतून वनोपज नेण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या २००० च्या आदेशाने निर्बंध आले. त्यामुळे एका गावाला जे करता येते ते पलीकडच्या गावाला करता येईलच असे नाही.

अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्क मिळवला आणि आपल्या जंगलातली सीताफळे स्वतः विकून दाखवली. सीताफळ तोडल्याने झाडाला इजा होत नाही. डिंकाचे तसे नाही. कोणत्या घेराखालच्या झाडाला हात लावायचा नाही, एका खोडावर किती घाव घालायचे, किती वर्षे विश्रांती द्यायची, हे ग्रामसभेला स्वतः ठरवावे लागेल आणि पाळून घ्यावे लागेल.

तुमच्या शाळेजवळ धावडा, सालई किंवा जुनी बाभूळ असेल तर मुलांना तिच्या खोडावरचे व्रण शोधायला सांगा. व्रणाच्या कडांनी नव्या सालीची जाड घडी आत सरकताना दिसते. तिची रुंदी आज मोजून वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजा. फरक बोटाच्या पेरात भरेल इतकाच असेल. मध्यभागी उघडे लाकूड दिसत असेल आणि बोटाने दाबल्यावर भुगा निघत असेल, तर तो घाव थराच्या आत गेला होता.