पडद्याखालचे रक्त : एक तळटीप

दाहजन्य नेत्रविकारात दृष्टिपटलाखाली साचलेले रक्त हा बहुधा परिणाम असतो, त्यामुळे ‘रक्त काढणे’ यावर दिलेला भर काहीसा दिशाभूल करणारा ठरतो. दृष्टिपटलामागील कोरॉइड या रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या थराला सूज आली, की दोहोंमधले ब्रुकचे पातळ पटल जागोजागी भंगते आणि त्या फटींतून नाजूक, गळक्या नव्या वाहिन्या वर शिरतात. मायनस नंबरचा चष्मा असलेल्या तरुण स्त्रियांत अधिक आढळणारी पंक्टेट इनर कोरॉइडोपथी हे याचे ठळक उदाहरण असून, अशा रुग्णाला वहीतल्या सरळ रेघाही वाकड्या दिसू लागतात. वाहिन्यांची वाढ घडवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाला अडवणारे औषध बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर सुई घालून डोळ्यात सोडतात. अशा औषधांपैकी बेव्हॅसिझुमॅबला अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळाली ती मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. डोळ्यासाठीचा वापर नंतरचा. मात्र दाह धुमसत राहिला तर वाहिन्या पुन्हा उगवतात, म्हणून स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही द्यावी लागतात, आणि त्याआधी क्षयरोग व टॉक्सोप्लाझ्मा यांचा संसर्ग नाही ना, हे पाहणे भारतात तरी टाळता येत नाही. पीतबिंदूखाली ताजे, जाड रक्त असल्यास त्यातील लोह प्रकाशसंवेदी पेशींना विषारी ठरते. तेव्हा निवडक रुग्णांत गुठळी विरघळवणारे टीपीए आणि वायूचा बुडबुडा डोळ्यात सोडून रुग्णाला पालथे राहण्यास सांगतात, आणि वायू विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य असतो.