कानांनी ऐकले, फितीवर उमटले

नभोवाणीत अभियंता म्हणून नोकरी करताना एक काम वरचेवर माझ्या वाट्याला येई. जीपमध्ये क्षेत्रतीव्रतामापक ठेवायचा, प्रक्षेपण केंद्रापासून दूर दूर जायचे, दर काही किलोमीटरवर थांबायचे, चौकटीसारखा एरियल फिरवायचा आणि काटा दाखवील तो आकडा वहीत लिहायचा. एकदा भर दुपारी असे थांबलो असताना बांधावरचे एक आजोबा बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘सायेब, एवढी खटपट कशापायी? रेडिओ लागतोय का न्हाई, ते आमालाच इचारा की!’’

मी हसलो खरा. पण कानाचे मानायचे की यंत्राचे, हा प्रश्न बिनतारी विद्येइतकाच जुना आहे. खुद्द मार्कोनीलाही तो चुकला नाही.

१२ डिसेंबर १९०१. न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्सजवळची सिग्नल हिल ही टेकडी. बाहेर सोसाट्याचा वारा, त्यात पतंगाला बांधून दीडशे मीटर वर चढवलेली तार आणि खाली खोलीत कानाला टेलिफोनचा श्रवणी लावून बसलेला सत्तावीस वर्षांचा मार्कोनी. अटलांटिकपलीकडे कॉर्नवॉलमधल्या पोल्धू केंद्रातून ठरलेल्या वेळी मोर्स लिपीतले ‘एस’ हे अक्षर, म्हणजे तीन टिंबे, पुनःपुन्हा पाठवली जात होती. दुपारी साडेबाराच्या सुमारास ती ऐकू आली, असे मार्कोनीने सांगितले. त्याचा सहायक केम्प याच्या कानाला श्रवणी लावला, तर त्यानेही होकार भरला. (या वेळी वापरलेला पाऱ्याचा शोधक ज्या जातीचा होता, तसा शोधक जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. श्रेय कोणाचे, हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे.)

पुरावा काय? दोन माणसांचे कान! आणि ते दोघेही एकाच पक्षाचे. ती आकाशातल्या विजेची खरखर नसेल कशावरून, असे जाणकार विचारू लागले. त्यातच, बेटावरच्या तारसेवेचा मक्ता आमचा आहे, असे सांगत समुद्री तारांच्या कंपनीने खटल्याची धमकी दिली. मार्कोनीला तिथून गाशा गुंडाळावा लागला.

यानंतर त्याने जे केले, ते मला सिग्नल हिलपेक्षा मोठे वाटते. फेब्रुवारी १९०२ मध्ये तो ‘फिलाडेल्फिया’ या प्रवासी जहाजात बसून इंग्लंडहून अमेरिकेला निघाला. या वेळी कानावर भिस्त ठेवली नव्हती. पोल्धूचा संदेश आला की कागदी फितीवर शाईची टिंबे आणि रेघा आपोआप उमटत. जहाज कुठे आहे हे कप्तान नकाशावरून सांगे आणि फितीवर सही करी. पूर्ण संदेश १,५५१ मैलांपर्यंत उमटले, ‘एस’चे ठसे तर २,०९९ मैलांपर्यंत. शंकेखोरांची तोंडे बंद झाली.

पण याच फितींनी एक नवा घोटाळा करून ठेवला. हे लांबचे पल्ले सारे रात्रीचे होते. दिवसा साधारण ७०० मैलांपुढे फीत कोरीच राहू लागली. मार्कोनीने ही गोष्ट लपवली नाही, त्याच वर्षी रॉयल सोसायटीपुढे निबंध म्हणून मांडली. प्रक्षेपकाच्या तारांवर उन्हाचा परिणाम होत असावा, असा त्याचा तर्क होता. तो चुकला; मोजमाप मात्र बरोबर होते. मग दिवसाउजेडी सिग्नल हिलवर त्याहून कितीतरी दुरून काय ऐकू आले? शंका फेडायला केलेल्या चाचणीनेच पहिली शंका बळकट केली! अभियंत्यांमध्ये तो वाद अजून मिटलेला नाही.

कारण आकाशात होते. १९०२ मध्येच केनेली आणि हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे सुचवले, की वातावरणात फार उंचावर विद्युत्वाहक थर असावा. १९२४ मध्ये अ‍ॅपल्टनने बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राच्या लहरी वापरून तो थर खरेच असल्याचे दाखवले. दिवसा उन्हामुळे त्या थराच्याही खाली आणखी एक थर तयार होतो, तो मध्यम लहरी गिळतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो मैल जातात.

मार्कोनीही पुन्हा समुद्रावर गेला. १९२४ मध्ये आपल्या ‘इलेट्रा’ नौकेतून भूमध्य समुद्रात दूरवर जाताना त्याला आढळले, की ३२ मीटरच्या आखूड लहरी बैरूतपर्यंत दिवसभर पोचतात. जे लांब लहरींना दिवसा जमेना, ते या आखूड लहरींनी करून दाखवले. अशाच लघुलहरींच्या झोतावर १९२७ मध्ये इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यात बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र होते आपल्या पुण्याजवळ खडकीला आणि ग्रहण केंद्र दौंडला. दौंड म्हटले की आपल्याला फक्त गाड्यांचे जंक्शन आठवते.

आता त्या आजोबांचे सांगतो. मी त्यांना खरेच विचारले. ते म्हणाले, ‘‘दिसा झ्याक लागतोय. पर रातच्याला दुसरंच कोनतरी मधी बोलाया लागतंय, कीर्तन काय धड ऐकू येत न्हाई.’’ माझ्या मापकाचा दुपारचा आकडा उत्तम होता. मी तो वहीत लिहिला आणि त्याच्यापुढे आजोबांचे म्हणणेही लिहिले. त्या रात्री आम्ही त्याच गावात मुक्काम केला आणि नऊ वाजता पुन्हा त्याच बांधावर जीप उभी केली.