मोटार सर्फबोर्ड : फळी लहान, जबाबदारी मोठी

खडकीच्या होळकर पुलावरून पाहिले, तर पावसाळा सोडून मुळा नदीचे पात्र संथ दिसते. पुण्याला समुद्र नाही, त्यामुळे लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळ पुणेकरांनी आजवर पडद्यावर नाही तर कोकण-गोव्याच्या सहलीत पाहिला. बॅटरीवर चालणाऱ्या सर्फबोर्डने मात्र लाटेची गरजच संपवली आहे. संथ नदी, तलाव किंवा धरणाचा जलाशय, कोठेही ही फळी धावू शकते. साहजिकच शहरातल्या हौशी मंडळींपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो म्हणजे, ही फळी विकत घेतली तर ती जवळच्या पाण्यात उतरवता येईल काय? त्यासाठी परवाना लागतो काय?

आपल्याकडे मोटार सर्फबोर्डसाठी स्वतंत्र कायदा नाही. म्हणून त्याला कोणताच कायदा लागू होत नाही, असा समज करून घेणे मात्र महागात पडू शकते. नौकेचा कायदा, फौजदारी कायदा, पाण्याची आणि काठाची मालकी आणि पर्यटन विभागाचे धोरण अशा चार बाजूंनी ही फळी नियमांच्या कक्षेत येते. खडकीसारख्या लष्करी परिसरात तर त्यात आणखी एका बाजूची भर पडते.

फळी कशी चालते?

मोटार सर्फबोर्डचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात फळीच्या पोटातील पंखा पाणी ओढून मागे जोराने फेकतो आणि त्या झोताने फळी पुढे जाते. याला जेटबोर्ड म्हणतात. दुसऱ्या प्रकारात फळीखाली एक दांडा आणि त्याच्या टोकाला विमानाच्या पंखासारखे पाते असते. वेग वाढला की हे पाते फळीला पाण्याच्या वर उचलते आणि स्वार अधांतरी तरंगत असल्याचा भास होतो. याला ई-फॉइल म्हणतात. दोन्हींचा वेग हातातील बिनतारी रिमोटने कमी-जास्त करता येतो. ई-फॉइल ताशी सुमारे ४० किलोमीटर, तर काही जेटबोर्ड ५० किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ शकतात.

शहरातील रस्त्यावरच्या दुचाकीचा हा वेग आहे. दुचाकीला ब्रेक असतो, फळीला नसतो. मोटार थांबली तरी फळी काही अंतर पुढे जातेच. स्वार पडला, तर बॅटरीसह वजनदार झालेली फळी सुटून दुसऱ्याच्या अंगावर जाण्याचा धोका असतो. ई-फॉइलचे पाते धारदार असते आणि ते पाण्याखाली असल्याने पोहणाऱ्याला दिसतही नाही.

'नौका' कशाला म्हणावे?

कायद्याच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे तो व्याख्येचा. ब्रिटनमध्ये हा प्रश्न न्यायालयात गेला होता. जेट-स्कीच्या धडकेत एक जण गंभीर जखमी झाल्याच्या प्रकरणात तेथील अपील न्यायालयाने २००५ मध्ये असा निर्वाळा दिला, की जेट-स्की ही नौवहनासाठी वापरली जाणारी 'नौका' नव्हे, त्यामुळे जहाजविषयक कायद्याखालील शिक्षा टिकत नाही. ही फट बुजवण्यास पुढे बरीच वर्षे लागली. ३१ मार्च २०२३ पासून तेथे नवा आदेश लागू झाला आणि यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या वैयक्तिक जलवाहनांच्या चालकांनाही धोकादायक वर्तनासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल, अशी तरतूद झाली.

भारतात फौजदारी कायद्याची व्याख्या पहिल्यापासूनच व्यापक आहे. माणसांची किंवा मालाची पाण्यातून ने-आण करण्यासाठी बनवलेली कोणतीही वस्तू म्हणजे जलयान, असे भारतीय दंड संहितेत म्हटले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हीच व्याख्या कायम आहे. माणूस उभा करून पाण्यावरून नेणारी फळी या शब्दांच्या बाहेर राहते, असा युक्तिवाद करणे अवघड आहे. न्याय संहितेच्या कलम २८२ नुसार मानवी जीवितास धोका होईल अशा बेदरकारपणे वा निष्काळजीपणे जलयान चालवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर कलम १०६ नुसार ही कैद पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते.

नोंदणी, तपासणी आणि विमा

नद्या, कालवे, तलाव अशा अंतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांसाठी पूर्वी १९१७ चा कायदा होता. त्याची जागा अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ याने घेतली असून २०२२ पासून तो अमलात आला आहे. यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या नौकेचे सर्वेक्षण, नोंदणी, विमा आणि ती चालवणाऱ्याचे सक्षमता प्रमाणपत्र ही या कायद्याची चार प्रमुख सूत्रे आहेत. विजेवर चालणाऱ्या नौकांचा विचार या कायद्याने 'विशेष वर्ग' या सदराखाली केला आहे, ही बाब बॅटरीवरील फळीच्या मालकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी. अपघात घडल्यास तो लपवून न ठेवता संबंधित यंत्रणेला कळवणे हेही बंधनकारक आहे.

या कायद्यात सर्फबोर्डचा नावानिशी उल्लेख नाही. अशा वेळी 'आपल्याला तो लागू नाही' असे परस्पर ठरवण्याऐवजी सक्षम अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करून लेखी उत्तर जवळ ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. राज्यात नौकांच्या नोंदणीचे आणि किनाऱ्यावरील जलक्रीडांच्या परवानगीचे काम महाराष्ट्र मेरीटाईम बोर्ड पाहते.

फळी भाड्याने देणाऱ्याची किंवा शिकवण्याचे शुल्क घेणाऱ्याची जबाबदारी आणखी वाढते. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. जमीन, हवा आणि पाणी या तिन्ही प्रकारांतील उपक्रमांच्या आयोजकांना त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. प्रशिक्षित मनुष्यबळ, सुरक्षा साधने आणि बचाव व्यवस्था या गोष्टी त्यात अपेक्षित आहेत. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षक आणि मोटारबोट चालकांचे अभ्यासक्रम चालतात. एखाद्या केंद्रावर पैसे भरण्यापूर्वी तेथील प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र पाहण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

फळी परदेशातून आणताना दोन गोष्टींकडे सहसा दुर्लक्ष होते. विमान कंपन्या १६० वॅट-अवरहून अधिक क्षमतेची लिथियम बॅटरी प्रवाशाच्या सामानात स्वीकारत नाहीत आणि या फळ्यांच्या बॅटऱ्या त्याच्या कित्येक पट क्षमतेच्या असतात. बिनतारी रिमोट असलेल्या उपकरणाच्या आयातीसाठी दूरसंचार विभागाची उपकरण मान्यताही आवश्यक ठरते.

पाणी कोणाचे, काठ कोणाचा?

खडकीत खरी अडचण येथे सुरू होते. बॉम्बे सॅपर्सचे केंद्र, शेजारच्या दापोडीतील लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय (सीएमई), १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना अशा आस्थापनांमुळे या परिसरातील बरीच जमीन संरक्षण खात्याची आहे. नदीचे पाणी सर्वांचे असले, तरी त्यापर्यंत पोहोचण्याची वाट सर्वांची असतेच असे नाही. संरक्षण खात्याच्या हद्दीतील काठावरून परवानगीविना पाण्यात उतरणे किंवा तेथे बाहेर येणे हा केवळ हद्दभंग राहत नाही. प्रतिबंधित स्थळ असल्यास १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचा प्रश्न उपस्थित होतो. फळीवरील कॅमेऱ्यात कोणते चित्रण होते, यालाही येथे महत्त्व आहे. ड्रोनने चित्रण करण्याचा बेत असेल, तर ड्रोन नियम, २०२१ नुसार त्या जागेचा विभाग लाल, पिवळा की हिरवा, हे आधी 'डिजिटल स्काय' मंचावरील नकाशावर पाहावे लागते. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीविना ड्रोन उडवता येत नाही.

धरणांची गोष्ट वेगळी आहे. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात आणि खडकवासल्यासारख्या जलाशयातून शहराला पिण्याचे पाणी मिळते. त्याच्या काठावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीही आहे. तेथे परस्पर मोटार घेऊन उतरण्याची मुभा नाही. रीतसर व्यवस्था कशी होते, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यात आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर जावळी तालुक्यातील मुनावळे येथे मार्च २०२४ मध्ये शासकीय जल पर्यटन प्रकल्प सुरू झाला. मोटारीच्या जलक्रीडेची हौस असणाऱ्यांनी अशा परवानाधारक ठिकाणी जाणे श्रेयस्कर.

मुळेचे पाणी खेळण्याजोगे आहे?

सर्व परवानग्या मिळाल्या असे गृहीत धरले, तरी एक प्रश्न उरतोच. सर्फबोर्डवरील नवशिका वारंवार पडतो. पाणी नाकातोंडात जाते. म्हणजेच या खेळासाठी पाणी किमान आंघोळीच्या दर्जाचे हवे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार अशा पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, जैविक प्राणवायू मागणी ३ मिलिग्रॅमपर्यंत आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंचे प्रमाण १०० मिलिलिटरला जास्तीत जास्त २,५०० असावे लागते. मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत मात्र मुळा, मुठा आणि पवना या तिन्ही नद्यांची नावे आली आहेत. अशा पाण्यात पोटाचे विकार, त्वचारोग आणि जखमेवाटे शिरणारा लेप्टोस्पायरोसिस यांचा धोका असतो. जलपर्णीची मुळे जेटबोर्डच्या पंख्यात अडकून मोटार अचानक बंद पडू शकते, हा धोका निराळा.

पावसाळ्यात तर पात्रात उतरण्याचा विचारही करू नये. दापोडीजवळ पवना मुळेला मिळते, त्यामुळे खडकीच्या पात्रात मुळशी आणि पवना या दोन्ही धरणांतून सोडलेले पाणी येते. खडकीत ऊन पडलेले असतानाही घाटमाथ्यावरील पावसामुळे पाणी वाढू शकते. खालच्या बाजूला बंडगार्डनसारखे बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पायथ्याशी उलटे फिरते आणि त्या भोवऱ्यात सापडलेल्याला जीवरक्षक जॅकेट असूनही बाहेर पडणे कठीण जाते.

शिस्तीचा धडा शेजारीच

पाण्यावरची शिस्त पाहायची असेल, तर खडकीकरांना दूर जाण्याचे कारण नाही. सीएमईच्या आवारातील लष्कराच्या रोइंग केंद्राने देशाला नामवंत नौकानयनपटू दिले. नाशिक जिल्ह्यातील दुष्काळी तळेगाव रोहीतून लष्करात आलेला दत्तू भोकनळ हा बॉम्बे सॅपर्सचा जवान येथेच तयार झाला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्स प्रकारात तेरावा आला. रोइंगमध्येही मोटारबोट असते, पण ती प्रशिक्षकाची आणि बचावाची. ती अंतर राखून चालते, कारण तिच्या मागे उठणाऱ्या लाटेने अरुंद नाव उलटू शकते. जाण्याची आणि येण्याची बाजू ठरलेली असते. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर पिढ्यान् पिढ्या वल्ही मारणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हे संकेत पाठ असतात. अशा पाण्यात बेफाम धावणारी एक फळी वर्षानुवर्षांची ही घडी क्षणात विस्कटू शकते.

दोन दुर्घटना

जीवरक्षक जॅकेटला 'शोभेची वस्तू' समजणाऱ्यांनी दोन तारखा विसरू नयेत. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण बुडाले. एका प्रवाशाने पोहत काठ गाठला, म्हणून निदान घटनेची खबर लागली. पुण्याच्या नद्यांचे पाणी भीमेतून याच जलाशयात जाते. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि तिच्यावरील नियंत्रण सुटले. या दुर्घटनेत पंधरा जणांना प्राण गमवावे लागले. पहिली घटना वाऱ्याची आणि दुसरी वेगाची ताकद सांगते. मोटार सर्फबोर्डच्या स्वाराला या दोन्हींशी गाठ घालायची असते.

स्वाराने काय करावे?

* पोहता येत असले, तरी योग्य मापाचे जीवरक्षक जॅकेट आणि जलक्रीडेचे हेल्मेट घालावे. ई-फॉइलसाठी पायांत बूट असावेत.
* मोटार बंद करणारी सुरक्षा दोरी घोट्याला किंवा मनगटाला बांधल्याशिवाय मोटार सुरू करू नये. स्वार पडताच दोरीची चुंबकी कळ निघून मोटार बंद होते. दर वेळी निघण्यापूर्वी ती ओढून पाहावी.
* तोल गेल्यास फळीपासून दूर, बाजूला उडी घ्यावी. उथळ पाण्यात डोके खाली करून पडू नये. ई-फॉइल खडकाळ, उथळ पात्रात वापरूच नये.
* समोरून नौका आल्यास आपल्या उजवीकडे वळावे. उजवीकडून आडवी येणाऱ्या नौकेला आधी जाऊ द्यावे. पुढे जाणाऱ्याला ओलांडताना त्याच्यापासून दूर राहावे. वल्ह्याच्या नावा, मासेमारीच्या होड्या आणि पोहणारे यांना नेहमी वाट द्यावी.
* काठाजवळ वेग कमी ठेवावा. न्यूझीलंडमध्ये काठापासून २०० मीटर आणि माणसापासून वा अन्य नौकेपासून ५० मीटरच्या आत पाच नॉट, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटरची मर्यादा आहे. आपल्याकडील स्वारांनीही हे अंतर स्वतःहून पाळावे.
* एकट्याने, अंधारात किंवा मद्यपान करून पाण्यात उतरू नये. काठावर एक माणूस आणि जलरोधक पिशवीत फोन असावा.
* फुगलेली, आपटलेली किंवा आत पाणी गेलेली बॅटरी वापरू नये. रात्रभर चार्जिंगला लावून झोपणे, जिन्यात किंवा दाराच्या वाटेत बॅटरी ठेवणे टाळावे. लिथियम बॅटरीची आग एकदा विझली, तरी पुन्हा पेटू शकते.
* जागेच्या परवानगीचे पत्र, फळीचे खरेदीपत्र आणि विम्याची प्रत सोबत ठेवावी. आपत्तीत ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा.

होळकर पुलाखालचे पाणी आज या खेळासाठी योग्य नाही आणि तेथे फळी उतरवण्याची रीतसर सोयही नाही. खडकीतील हौशी स्वाराने फळीची किंमत विचारण्याआधी ती कोठे चालवता येईल, हे विचारावे. त्या जागेचे नाव आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद लेखी मिळेपर्यंत खरेदी थांबवावी. खरेदीनंतर हे प्रश्न सुटण्याची शक्यता कमी असते आणि अपघातानंतर ते पोलीस विचारतात.