प्रोलिफिक

इंग्रजी विशेषण. लॅटिन 'प्रोलेस' म्हणजे संतती. तिला 'करणे' या अर्थाचा धातू जोडून मध्ययुगीन लॅटिनमध्ये हा शब्द बनला आणि सतराव्या शतकात इंग्रजीत रुळला. मूळ अर्थ भरपूर पिल्ले वा फळे देणारा. भरपूर लिहिणारा, भरपूर धावा काढणारा हे अर्थ त्यावरून आले. 'प्रोलेटेरियट' याच घरातला: राज्याला देण्यासारखे पोरांखेरीज काही नसलेला रोमन माणूस!

महाप्यासारख्या औद्योगिक वसाहतीत हा शब्द 'प्रॉडक्टिव्ह'शी हटकून घोटाळतो. एमआयडीसीची स्थापना 1962 ची; ती इथे येण्याआधी जमीन भाताची होती आणि जमिनीला 'सुपीक' हा एक शब्द पुरत असे. आता कारखान्यात 'प्रॉडक्शन' मोजतात, आयटी पार्कात 'प्रॉडक्टिव्हिटी'. पण प्रॉडक्टिव्ह म्हणताना किती वेळात, किती खर्चात, हा हिशेब येतो. प्रोलिफिक नुसती संख्या पाहतो. पाळीला हजारो झाकणे पाडणारे मोल्डिंग मशीन प्रॉडक्टिव्ह. त्याला प्रोलिफिक कोणी म्हणत नाही.

मूळ अर्थ महाराष्ट्रात फलटणला अक्षरशः भेटतो. दख्खनी मेंढी सहसा एका वेताला एकच कोकरू देते. सुंदरबनातल्या छोट्या गारोल मेंढीत जुळी होण्याचे जनुक आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने संकरातून ते दख्खनीत आणले आणि 'नारी सुवर्णा' तयार केली. या जनुकाचे नाव फेकबी. त्यातले 'फेक' हे 'फेकंडिटी', म्हणजे प्रजननक्षमता, या अर्थाने जवळच्या शब्दाचे. अर्थात जुळ्यांना दूध पुरायचे तर मेंढीला खुराकही जास्त लागतो, हा हिशेब प्रोलिफिक शब्दात नाही.

मराठीत याला सरसकट प्रतिशब्द नाही. 'सुपीक' जमिनीला शोभतो, डोक्याला लावला की टोमणा होतो. फलंदाजाबाबत मराठी क्रीडापानांनी 'धावांचा रतीब' शोधला, तो इंग्रजीहून सरस. रणजी करंडकात बारा हजार धावांपलीकडे जाणारा पहिला फलंदाज वसीम जाफर याला तो नेमका बसतो. लेखकाला 'सिद्धहस्त' म्हणतात, पण तो हाताच्या सफाईचा शब्द आहे, संख्येचा नव्हे. हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर प्रोलिफिक होतेच. सिद्धहस्त होते की नाही, हा वेगळा वाद.

उरला 'बहुप्रसवा'. अर्थाने सर्वांत जवळचा, मात्र समीक्षेत किंचित नाक मुरडून वापरला जाणारा. तो स्त्रीलिंगी आहे: 'बहुप्रसवा लेखणी' बरोबर, 'बहुप्रसवा लेखक' चूक.