आपल्या हौदातले चिनी पाहुणे

आपल्या बागेतल्या हौदातले गोल्डफिश मूळचे चीनचे. सुमारे हजार वर्षांपूर्वी, सोंग राजवटीत, करड्या माशांतले लाल-सोनेरी मासे निवडून तळ्यांत वाढवू लागले. मिंग काळात (१३६८–१६४४) ते घरोघरच्या मोठ्या कुंड्यांत आले. बघायचे वरून, म्हणून पाठीचा रंग नि शेपटीचा डौल पाहून पैदास होई. काचेचा बाउल नंतरचा. त्यात बिचाऱ्यांचा जीव गुदमरतो.

आपला अडीच फुटी हौद त्या कुंड्यांचाच वारस. पोरं आत पडत नाहीत, आम्ही म्हातारे कठड्याला टेकतो, डासांच्या अळ्या मासे फस्त करतात. तेव्हा पार्किंगसाठी हौद बुजवायचा विषय सभेत पुन्हा निघालाच, तर मंडळी, हात वर करण्याआधी एकदा वाकून आत बघा.