हायलँड्सची कॉटेज आणि रिकामी दरी

आजचा भाग एका फोटोपासून सुरू करूया. स्कॉटलंडच्या हायलँड्समधली दगडी कॉटेज. मागे उघडाबोडका डोंगर, पुढे लांबच लांब दरी आणि नजर जाईल तिथपर्यंत माणूस नाही. सुट्टीचा प्लॅन करणाऱ्याचं बोट बुकिंगच्या बटणावर जाणारच. पण एक मिनिट. ही दरी रिकामी का आहे?

अठराव्या शतकात अशा कितीतरी दऱ्यांत गावं होती. माणसं गेलिक बोलायची, काळी गुरं पाळायची, थोडं ओट्स पिकवायची. घरांना दगड-मातीच्या भिंती आणि वर लाकडी वासे. जमीन सरदाराची. पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलो म्हणजे आपलाही हक्क आहे, असं लोक धरून चालले होते. कागदावर मात्र तो हक्क कुठेच नव्हता.

मग लोकरीला भाव आला. चेव्हियट जातीच्या मेंढ्या डोंगरातल्या थंडीतही तग धरतात. जमीनदारांनी हिशेब केला: शंभर गरीब कुळांपेक्षा एक मोठा मेंढीवाला जास्त खंड देतो. झालं! कुळांना नोटिसा गेल्या.

१८१४. सदरलँडमधली स्ट्रॅथनेव्हर दरी. इस्टेटीचा कारभारी होता पॅट्रिक सेलर. आणि रिकामी होणारी जमीन मेंढ्यांसाठी खंडानं घेणारा कोण? तोच! लोक परत येऊ नयेत म्हणून छपरं पाडली, जाळली. त्या भागात झाडं कमी, लाकूड महाग. वासे जळले की नवं घर कशावर उभं करणार? सेलरवर १८१६ मध्ये इनव्हरनेसला मनुष्यवधाच्या आरोपाचा खटला चालला. तो निर्दोष सुटला. लोक समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यांवर गेले, कितीतरी जण पुढे थेट कॅनडाला.

१८४५ मध्ये ग्लेनकॅल्व्हीची माणसं बेघर झाली आणि क्रोइक चर्चच्या आवारात, कबरींच्या मधे राहिली. तिथे खिडकीच्या काचेवर कुणीतरी बाहेरून अक्षरं कोरली. ती आजही दिसतात. त्यात जमीनदाराला शिव्या नाहीत. त्यांनी स्वतःलाच पापी पिढी म्हटलंय. घर गेलं, आणि दोषही स्वतःच्याच माथी घेतला. मला हे वाचून गलबलून आलं.

आता दुसरी बाजू बघा. त्याच काळात पर्यटन वाढत होतं. वॉल्टर स्कॉटचं 'द लेडी ऑफ द लेक' १८१० मध्ये आलं आणि लोक लॉक कॅट्रिन बघायला धावले. राणी व्हिक्टोरिया १८४२ मध्ये पहिल्यांदा स्कॉटलंडला आली. १८५२ मध्ये बालमोरल राजघराण्यानं विकतच घेतलं. श्रीमंतांनी शिकारीसाठी बंगले बांधले. म्हणजे एकीकडून माणसं उठत होती आणि दुसरीकडून पाहुणे येऊन म्हणत होते, काय शांतता आहे हो इथे!

कुळांनी शेवटी लढा दिला. १८८६ च्या कायद्यानं क्रॉफ्टर म्हणजे छोट्या कुळांना जमिनीवरून मनमानीपणे हुसकता येईना. पण आधीच ओस पडलेल्या गावांना त्याचा काय उपयोग?

मग जायचंच नाही का? जा की! मे-जूनमध्ये दिवस खूप मोठा असतो, कॉटेज आधीच बुक करा. उत्तरेला गाडी लागतेच, आणि बरेच रस्ते एकपदरी आहेत. फक्त सात दिवसांच्या प्लॅनमधला एक दिवस राखून ठेवा. बेटीहिलचं स्ट्रॅथनेव्हर संग्रहालय बघा, मग रोझाल या उठवलेल्या गावाच्या जोत्यांमधून चाला. आर्डगेजवळ राहिलात तर क्रोइकची ती खिडकी बघून या.

संध्याकाळी कॉटेजच्या दारात बसाल, तेव्हा तीच दरी समोर असेल. पण आता ती नुसता निसर्ग वाटणार नाही. तिथे कुणाची तरी चूल पेटत होती, हे तुम्हाला माहीत असेल.

भेटू पुढच्या भागात!